करंजभाटच्या कमानीवरचा वाल

शुद्धलेखनात चुका असतील आणि शब्द फारच साधे वाटतील, तर वाचकांनी माफ करावे. शाळा लवकर सोडावी लागली. वसईकडच्या करंजभाटचे जुने चर्च पाहायला येणाऱ्यांना गावचे पास्कूकाका जे सांगतात, तेच इथे लिहिले आहे.

चर्चमध्ये शिरले की वेदीच्या अलीकडे एक रुंद दगडी कमान लागते. मध्ये खांब नाही, तुळई नाही. स्पेनहून आलेल्या पाद्री एस्तेबानने ती इनास गवंड्याकडून बांधून घेतली, असे सांगतात. तिला आधार द्यायला लाकूड पुरेना, म्हणून इनासने मातीचा मोठा ढीग रचला आणि त्यावर शिंपल्यांच्या चुन्यात दगड बसवले. चुना पक्का झाला की ढीग काढायचा, आणि शेवटची पाटी निघताना गवंड्याने कमानीखाली उभे राहायचे, असा तेव्हा रिवाज होता म्हणे.

“नाताळपर्यंत होईल,” असे इनास बोलून बसला होता. नाताळ जवळ आला. नखाने टोकरून पाहिले, तर चुना अजून ओलाच. पण दिलेला शब्द चुकला हे पाद्रीला सांगायची त्याला लाज वाटली.

माती काढायला गडी आले, तर ढिगाच्या दोन्ही उतारांवर वाल फुललेला. छप्पर चढले नव्हते, ऊन भरपूर होते, आणि इनासच्या बायकोने, रेजिनने, तिथे बी टोचले होते.

“बाई, हे देवाचं घर आहे, वाडी नव्हे,” पाद्री म्हणाला.

“मग फुलावर आलेला वेल तुम्हीच उपटा, पाद्रीबाबा. आमच्यात कोणी उपटत नाही.”

गडी सगळे भाजीच्या वाड्या पिकवणारेच. त्यांनी कुदळी खाली ठेवल्या.

“इनास, तुझ्या बायकोला समजाव.”

“माझं ती घरीही ऐकत नाही,” इनास म्हणाला. पाद्रीलाही हसू आले.

घरी आल्यावर इनासने विचारले, “चुना ओला आहे, हे तुला कसं कळलं?”

“जेवायला बसता तेव्हा नखं दिसतात ना तुमची. रोज ओला चुना.”

शेंगा उतरायला फेब्रुवारी सरला. तोवर चुना दगडासारखा झाला. शेवटची पाटी निघाली तेव्हा इनास कमानीखाली डोळे मिटून उभा होता. कमान हलली नाही.

“उघडा आता डोळे,” रेजिन म्हणाली. “वाल शिजलाय.”

आजही चर्चच्या सणाला त्या कमानीवर फुलांच्या माळा चढत नाहीत. गवंड्याच्या घरची सून शेंगांनी लगडलेला वालाचा वेल बांधते.

आणि इनास? दुसऱ्या दिवशी सकाळीच तो ती सगळी माती डोक्यावरून रेजिनच्या वाडीत नेऊ लागला. वाटेत पाद्रीने विचारले, “किती दिवस लागतील रे?”

“रेजिनला विचारून सांगतो,” इनास म्हणाला, आणि पाटी घेऊन पुढे गेला.