उताणा पैलवान

"उताणं? म्हंजे पाठ टेकवून?" रणधीरनं पुन्हा विचारलं.

"हो. अर्धा तास. पाऊल जरा जरी हललं तरी चित्र बिघडतं," डॉक्टर मुल्लाबाई म्हणाल्या.

पैलवान रणधीर चौगुलेची पाठ आजवर कुणी मातीला लावली नव्हती. झोपायचाही तो कुशीवरच. सरावात घोटा मुरगळून टम्म सुजला होता, रविवारी कुस्त्यांचं मैदान होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातला गडी.

"एक्स-रे चांगला आलाय की. हाड शाबूत हाय."

"एक्स-रेत हाड दिसतं. हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट एमआरआयमध्येच कळतं. ते फाटलेलं असताना रविवारी लढलात, तर पुढं कुस्ती विसरा."

रणधीर बाकावर बसलेल्या वस्ताद गणू मगदुमांकडं वळला.

"वस्ताद, तुम्ही तरी सांगा की यांस्नी. मैदानाच्या तोंडावर पैलवान उताणा पडला म्हणून गावभर होईल."

वस्ताद उठले, फेटा काढून बाकावर ठेवला आणि दवाखान्याच्या फरशीवर सरळ उताणे झाले. सत्तरी ओलांडलेला, एके काळी तीन जिल्हे गाजवलेला माणूस. येणारेजाणारे थबकले. एका बाईनं तर स्ट्रेचर मागवलं.

"वस्ताद, उठा... लोक बघत्यात."

"बघू देत."

"पण करताय काय?"

"पंचाची वाट बघतुय."

रणधीर खाली मान घालून उभा राहिला. मग त्याला हसू आवरेना. त्यानं हात देऊन वस्तादांना उठवलं, गळ्यातला चांदीचा ताईत काढून त्यांच्या मुठीत ठेवला आणि लंगडत आत गेला.

यंत्र ठोकत राहिलं, घोंघावत राहिलं. पाठ उठायला नुसती शिवशिवत होती. पण पैलवान हलला नाही.

चित्रं स्वच्छ आली.

"लिगामेंट अर्धवट फाटलंय, तुटलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऑपरेशन नको. रविवार तेवढा सोडा, पाय बांधून विश्रांती घ्या. पुढच्या हंगामात खुशाल लढा."

रणधीरच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्माची कुस्ती वाचली होती.

वस्तादांनी तालमीत फोन लावला.

"हलगी घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी या. मिरवणूक काढायचीय."

"मिरवणूक कशाची, वस्ताद? रविवारची कुस्ती तर गेली," रणधीर म्हणाला.

"गेली कुठं? आत्ता मारून आलास की."