बेहड्यावरचं बिऱ्हाड

एक होतं नदीकाठचं गाव. गाव या तीरावर आणि गावाची भाताची खाचरं त्या तीरावर. उन्हाळ्यात नदी गुडघाभर असायची, गुरंसुद्धा चालत पलीकडे जायची. पावसाळ्यात मात्र पुरुषभर पाणी, आणि ओढ अशी की उभा बैल वाहून जावा. म्हणून त्या गावाला होडी लागायची, आणि होडी करायला सुतार लागायचा. असा एक सुतार त्या गावात होता. बोलायला कमी, हाताला चांगला.

त्या वर्षी होळी झाल्यावर त्यानं जुनी होडी पालथी घातली आणि बुडाला अंगठा टेकवला. अंगठा आत गेला.

"हिला आता ठिगळ नाही लागायचं," तो म्हणाला. "नवीन कोरावी लागेल. अख्ख्या खोडाची."

"मग कोर की! नाहीतर लावणीला आम्ही काय बेडकासारखे उड्या मारत जाऊ?" एकजण म्हणाला. सगळे हसले. पण हसू फार टिकलं नाही. भात लागलं नाही तर वर्षभर चुलीवर काय ठेवायचं, हे ज्याला त्याला माहीत होतं.

एवढं मोठं खोड आता जवळपास कुठंच उरलं नव्हतं. दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत, एक राई होती. देवाची राई. सुतारानं कुऱ्हाड, लाकूड तासायचा वाकस आणि भाकऱ्या बांधून घेतल्या आणि तो निघाला.

तिसऱ्या दिवशी उन्हानं भाजलेला माळ ओलांडून तो राईच्या तोंडाशी आला. तिथं एक म्हातारी खराट्यानं वाट झाडत होती. ती राईच्या गुरवाची आई.

"वहाणा काढ, बाबा," ती म्हणाली. "आणि ती कुऱ्हाड इथं दगडाशी ठेव. देवाचा कौल मिळाल्याशिवाय लोखंड आत जात नाही."

"अन् मी?"

"तू जा की. तुला कुणी अडवलंय? चल, मीच येते."

सुतार आत गेला आणि दहा पावलांवर थांबला. माठावरचं झाकण काढल्यावर जसा गारवा तोंडावर येतो, तसा गारवा आला. पायाखाली पाचोळा इतका जाड की पाऊल घोट्यापर्यंत आत जाई. वर पाहिलं तर आभाळ नव्हतंच, पानंच पानं. कोशिंबाला लाल पालवी फुटली होती, आणि तिच्यातून उतरलेलं ऊन म्हातारीच्या पांढऱ्या केसांवर गुलाबी होऊन पडलं होतं.

सुतार एकेका झाडापाशी जाऊन उभा राहायला लागला. ऐनाच्या सालीला भेगा होत्या, मगरीच्या पाठीसारख्या. नाणा झाडाचं खोड गोरं, गुळगुळीत, नुकतंच न्हाऊन आल्यासारखं. किंजळ, हिरडा, जांभूळ, कुंभा. मांडीएवढी जाड गारंबीची वेल एका झाडावरून दुसऱ्यावर अशी गेली होती, जणू दोन शेजारणींनी एकमेकींच्या गळ्यात हात टाकलेत. जन्मभर त्यानं लाकूड पाहिलं होतं. झाडं तो आज पाहत होता.

"ऐनाच्या तुळया मी किती घातल्या असतील, आजी," तो हळूच म्हणाला. "पण त्याला पान कसलं असतं, ते विसरलोच होतो."

म्हातारी हसली. "आता बघून घे. फुकट आहे."

चालता चालता एक बेहडा लागला. चार माणसांच्या कवेत न मावणारा, आणि सरळ इतका की ओळंबा लावावा. सुतारानं खोडावरून हात फिरवला. त्याला त्या खोडात होडी दिसली. बारा माणसं बसतील अशी, शेवग्याच्या शेंगेसारखी निमुळती.

"हाच," तो म्हणाला.

 म्हातारीनं फक्त एकदा वर पाहिलं आणि ती परत फिरली. सुतार खोडाकडेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राईशेजारचं गाव राईच्या तोंडाशी देवापुढे जमलं. पुढे त्या गावाचा मानकरी बसला होता, पांढऱ्या मिशांचा, करारी. त्याच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. गुरवानं देवाच्या पाषाणावर दोन ओल्या कळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, अशी तिथली रीत.

"देवा महाराजा," गुरव म्हणाला, "नदीकाठच्या लेकरांना होडीसाठी बेहडा पाहिजे. द्यायचा असेल तर उजवी दे."

उजवी टपकन पडली.

"झालं!" मानकरी मांडीवर थाप मारून म्हणाला. "देवानं दिलं. घे सुतारा, कुऱ्हाड आत ने."

सुतार कुऱ्हाड घेऊन बेहड्याशी गेला. झाड पाडण्याआधी खोडावर बोटाच्या पेरांनी ठोकून बघायची त्याची सवय होती. आवाजावरून लाकूड भरीव की पोकळ ते कळतं. त्यानं ठोकलं, ठक ठक. कान लावला.

वरून खरवडल्यासारखा आवाज आला.

त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा वर खरवड. आता त्यानं मान वर केली. तीन-चार पुरुष उंचीवर खोडात एक ढोली होती. ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून बंद केलेलं, मधे फक्त बोटभर फट. त्या फटीतून एका चोचीचं टोक बाहेर आलं आणि आत गेलं.

तेवढ्यात फांद्यांवर सुपानं वारा घातल्यासारखा मोठा आवाज झाला. एक भलाथोरला धनेश पक्षी आला. वाकडी पिवळी चोच, पंख एवढे रुंद. तो ढोलीला पंजे रोवून लटकला आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून त्या फटीत देत राहिला. एक, मग एक, मग एक. आतली चोच ते हळूच घेत होती. शेवटचं उंबर खाली पडलं, सुताराच्या पायाशी. धनेशानं मान वाकडी करून खाली पाहिलं, आणि तो पुन्हा आणायला उडून गेला.

सुतार खाली बसला. त्याच्या हाताखालच्या मातीत उंबराच्या, वडाच्या, जांभळाच्या बियांचा थर होता, आणि त्यातून लहान लहान रोपं वर आली होती. तो किती वेळ बसला ते त्यालाही कळलं नाही. त्यानं जन्मात कितीतरी ढोल्या फोडल्या होत्या. आत कोण होतं ते कधी पाहिलं नव्हतं.

ऊन कलल्यावर तो उठला. कुऱ्हाड खांद्यावर टाकून मानकऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"एवढ्यात पाडलास?"

"नाही. तो बेहडा मला नको."

"नको?" मानकऱ्याच्या मिशा थरथरल्या. "देवानं उजवी दिली, आणि तुला नको? तू देवापेक्षा शहाणा झालास का रे?"

"नाही, मालक. पण वर ढोलीत एक आई आहे. पिलांसाठी आतून दार लिंपून बसलीय. तिचा धनी चारा आणतोय. झाड पडलं तर तिला उडतासुद्धा यायचं नाही."

"देवाला ते दिसलं नसेल?"

 सुतार जमिनीकडे बघत म्हणाला, "देवाला दिसलं असेल. पण मलाही दिसलं ना. आता मी काय करू?"

सुताराला परत आलेला पाहून गुरव, त्याची आई, गाव सगळं अंगणात जमलं होतं. मानकरी गुरवाकडे वळला. "काय रे, तुला ठाऊक होतं?"

"मी पाषाणाच्या पुढं जात नाही," गुरव चाचरत म्हणाला. "आई जाते."

सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिलं. ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती.

"मला होतं ठाऊक," ती म्हणाली. "दरसाल येतात दोघं. पण मला कुणी विचारलं का? तुम्ही देवाला विचारलंत. अन् कौल मिळाल्यावर मधे बोलणारी मी कोण?"

"तुझ्या गावाचं काय मग?" मानकऱ्यानं सुताराला विचारलं. आवाज आता खाली आला होता. "होडी नाही तर लावणी नाही. काय सांगशील त्यांना?"

हे त्याला विचारायला नकोच होतं. सुतार दुपारपासून तेच स्वतःला विचारत होता. बायकोची, शेजाऱ्यांची, गावातल्या पोरांची तोंडं त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. 

"पिलं बाहेर येईपर्यंत थांबावं, तर पावसाआधी कोरून होणार नाही," तो म्हणाला. "दुसरं बघतो. नाहीच मिळालं तर शिव्या खाईन. माझे हात मात्र त्या झाडावर चालायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा राईत गेला, पण खोडं मोजायला त्याचं मन लागेना. धनेश पुन्हा आला, घास देऊन उडाला. एवढी उंबरं हा आणतो कुठून, हे बघावं म्हणून सुतार त्याच्या मागे मागे निघाला. पंखांचा आवाज ऐकायचा आणि तिकडे चालायचं. धनेश उतरला तो ओढ्याकाठच्या एका जुन्या उंबरावर. उंबर नुसता फळांनी लगडलेला. आणि त्याच्या खाली, ओढ्यातल्या धोंड्यांवर आडवा पडलेला एक आंबा होता. चार वर्षांमागच्या आषाढातल्या वादळानं उन्मळलेला.

सुतारानं सवयीनं ठोकलं. बद्द आवाज आला. पोकळ. दुसरा कुणी सुतार असता तर मागे फिरला असता. हा मात्र वाकून आत डोकावला. गाभा सगळा कुजून गेला होता, पण बाहेरचं लाकूड धोंड्यांवर वाऱ्याला राहिल्यानं टणक होतं, चांगलं चार बोटं जाड. होडी कोरायची म्हणजे तरी काय? आतलं काढायचं आणि बाहेरचं ठेवायचं. महिन्याचं काम पावसानं आधीच करून ठेवलं होतं.

तो धावतच मानकऱ्याकडे गेला.

"राईतली वाळकी काटकीसुद्धा आम्ही उचलत नाही," मानकरी म्हणाला. "पुन्हा कौल लावावा लागेल."

"लावा. पण आधी एकदा बघायला चला. सगळे."

मानकरी घुटमळला. "लहानपणी गेलो होतो आत. मग नाही. देवाच्या घरात उगीच फिरू नये म्हणतात."

"अहो, देवाचं घर कसं आहे ते तरी बघा," म्हातारी म्हणाली, "का नुसतं उंबऱ्यावरूनच मागणं मागत राहणार?"

मग गुरव, मानकरी, बाया, पोरं, सगळी अनवाणी आत गेली. आधी जरा बिचकत होती. नंतर ज्याचं त्याला काहीतरी सापडत गेलं. कुणाला सातविणीच्या सालीवर बसलेला उडता सरडा दिसला. कुणी कुंभ्याच्या फुलांचा सडा ओंजळीत घेऊन तिथंच परत ठेवला. पडलेल्या आंब्यात सगळ्यांनी डोकावून पाहिलं. आतून एक घोरपड निघाली आणि रागारागानं सगळ्यांकडे बघत शेजारच्या धोंड्याखाली गेली.

"हिला चालेल का?" मानकऱ्यानं विचारलं.

"त्या धोंड्याखाली हिचं दुसरं घर आहे," म्हातारी म्हणाली. "आंब्यात फक्त उन्हाला येते."

मग कळ्या लावल्या. बराच वेळ एकही पडेना. "आज देव विचार करतोय," मानकरी पुटपुटला. शेवटी उजवी पडली.

सुतारानं ओढ्याकाठीच काम केलं. वरची बाजू तासून उघडी केली, पुढचं आणि मागचं तोंड फळ्यांनी बंद केलं, फटीत राळ भरली. बैलगाडीवर घालून होडी गावी नेली. ती काही बारा माणसांची झाली नाही, सातांचीच झाली. आंबा एका अंगाला वाकडा, म्हणून होडीही एका अंगाला जरा कलून चालायची.

"सुतारा, होडी केलीस का पन्हळ?" लोकांनी थट्टा केली. बारांच्या जागी सात, म्हणजे खेपा जास्त, आणि शेवटच्या खाचरांची लावणी आठ दिवस लांबली. त्यांचं भात थोडं कमी आलं. पण भात आलं. कुणाची चूल विझली नाही.

इकडे राईत, सुतार होडी घेऊन गेल्यावर दोन दिवसांनी, मानकरी एकटाच बेहड्याखाली बसला होता. म्हातारी त्याला जेवायला बोलवायला आली, तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. वर चिखलाची भिंत आतून फुटत होती. ढलपा पडला, मग दुसरा. मग ती बाहेर आली, धनेशाची मादी. इतके दिवस दाटीत बसून अंग आखडलेलं, शेपटीची पिसं चुरगळलेली. फांदीवर बसून तिनं पंख पसरले आणि तशीच थरथरत राहिली. ढोलीतून एक उघडं-बोडकं डोकं वर आलं. मानकऱ्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"आजी," तो म्हणाला, "मी माझ्या तोंडानं 'कुऱ्हाड आत ने' म्हणालो होतो गं."

म्हातारी त्याच्या शेजारी बसली. "पडला नाही ना? मग बघ आता."

त्या राईत कौल अजून लागतो. फक्त मागणं घेऊन कुणी आलं की गुरव आधी विचारतो, "राईत जाऊन आलास? काय काय पाहिलंस ते सांग." मग माणूस आत जातो, दिवसभर फिरतो, संध्याकाळी परत येतो आणि सांगत बसतो. सांगता सांगता, कितीतरी जण काय मागायला आलो होतो तेच विसरून घरी जातात.

बाळांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: परवानगी कुणाचीही मिळो, अगदी देवाची मिळो, हात उचलण्याआधी मान वर करून एकदा नीट पाहावं, आणि जे दिसलं, ते दिसलंच नाही असं कधी म्हणू नये.