वाऱ्याआडचं मैदान

त्या राज्यात वारा कधी थांबत नसे. झाडं एका अंगाला वाकूनच वाढत, आणि आया लेकरांना पोटाशी धरून चालत. हलकं पोर कुशीतून सुटलं तर वारा त्याला कुठं नेईल याचा नेम नव्हता.

म्हणून राजाने छपराचं मैदान बांधायला काढलं. भोवती मातीच्या भिंती, आत लेकरांनी मनसोक्त धावायचं. काम साळिंदर मुकादमाकडे होतं.

शेवंती हरिणीचा सगळा जीव त्या मैदानात अडकला होता. तिचं पाडस, मोहर, जन्मल्यापासून एकदाही धावलं नव्हतं. ते तिच्या पोटाखालून चाले, आणि मागे त्याच्या खुरांचे ठसे एकमेकांना चिकटून उमटत. शिंगं फुटायच्या आत पाय मोकळे झाले नाहीत तर ते जन्मभर जड राहतात, असं ती ऐकून होती. आणि हल्ली त्याचं डोकं चाटताना दोन बारीक गाठी जिभेला लागत होत्या.

ती रोज चौकशीला जाई. कुणाच्या कामावर रिकाम्या तोंडाने जायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून ती एक चपटा दगड तोंडात धरून नेई, दारात ठेवी आणि मग विचारी.

"मुकादम, कुठवर आलंय?"

"जोरात आहे ताई. दगड आत ठेवा, बाहेर घरंगळेल."

"अगं, कालच तर येऊन गेलीस," शेजारची मेंढी तिला हसली. पण त्यासाठी मेंढीलाही आधी आपल्या तोंडातला दगड खाली ठेवावा लागला.

आयांनी आणलेले दगड टाकून कसे द्यायचे? मुकादमाने भिंतीला आतून लागून त्यांच्या पायऱ्या रचल्या, आयांना बसून बघता यावं म्हणून. पायरीखाली पायरी लागत गेली. शेवंतीचा डोळा लागला की तिला हिरवट, पाण्याखालच्यासारखा उजेड दिसे, आणि त्यात मोहर कान मागे टाकून धावत असे.

एक दिवस छप्पर चढलं. सगळे आत गेले. वारा नव्हता. शेवंतीला पहिल्यांदाच स्वतःचा श्वास ऐकू आला. चारी बाजूंनी पायऱ्या खाली उतरत गेल्या होत्या, आणि मधोमध एका पाडसापुरती माती उरली होती. आया आपापले दगड ओळखून त्यांवर बसल्या.

मोहर मध्ये उभा राहिला. "आई, कुठल्या बाजूला धावू?"

शेवंती मुकादमाला विचारायला उठली, आणि सवयीने आधी दगड शोधू लागली. दगड तोंडात धरून तिने मान वळवली, तर मध्ये नुसती माती होती.

ती दाराबाहेर धावली. भिंतींसाठी भिजवलेली माती दूरवर पसरली होती. दारापाशी ठसे एकमेकांना चिकटून होते. मग एकेक सुटा झाला. ते वाऱ्याच्या उलट दिशेने गेले होते, आणि पुढचा ठसा शोधायला प्रत्येक वेळी तिला मान आणखी वर करावी लागत होती. तोंडातला दगड कधी पडला, तिला कळलं नाही.