पाथरवटानं फोडलेल्या पायऱ्या

लई मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका, सांगणाऱ्यालाच ठाऊक नाही.

एका डोंगराखाली एक गाव होतं आणि डोंगरावर देवाची दगडी वेदी. लोक कोकरू, पीठ, तेल घेऊन वर जायचे. त्यांच्या वतीनं ते देवाला वाहायचं काम याजकाचं. याजक म्हातारा होता. अंगावर तागाचा पांढरा झगा, आत गुडघ्यापर्यंत तागाचाच चोळणा. ना जर, ना किनार.

एका साली भूकंप झाला आणि वेदी ढासळली. ती परत उभी करायचं काम गावातल्या पाथरवटाकडं आलं. गडी हाताचा कसबी, पण डोकं कायम तापलेलं. त्यात त्याची एकुलती पोर तापानं अंथरुणाला खिळली होती. त्यानं मनाशी धरलं, वेदी अशी बांधतो की देवाला माझ्या पोरीकडं बघावंच लागेल.

वेदी त्यानं पुरुषभर उंच केली. वर जायला कोरीव पायऱ्या केल्या, एकेक गुडघाभर.

म्हातारा बघायला आला आणि पायऱ्यांपाशीच थबकला.

"काम झकास हाय, लेका," तो म्हणाला. "पण ह्या फोड. हितं उतार कर."

पाथरवटाला वाटलं, म्हाताऱ्याचे पाय दुखत असतील. वर चढताना हात देतो, असं त्यानं सांगून टाकलं.

"पाय धड हायती माझे. पण दोन्ही हातांत अर्पण धरून एवढा पाय उचलला, की झगा वर जातो. खाली माणसं देवासाठी उभी असत्यात. त्यांनी माझ्या पोटऱ्या का बघाव्या?"

"तुमच्या वाळक्या पोटऱ्या कोण बघतंय, बाबा?"

आजूबाजूची माणसं हसली. म्हाताराही हसला, पण पायरीवर पाय ठेवीना.

पाथरवटाचं टाळकं सटकलं. तो तडक म्हाताऱ्याच्या पुतण्याकडं गेला. पुतण्याही याजकच, पण नटायची भारी हौस. पायऱ्या चढून अर्पण वाहायला तो एका पायावर तयार झाला. सणाच्या दिवशी लालभडक जरीचा झगा घालून आला. उकडतंय म्हणून चोळणा घरीच ठेवला. आत काय घातलंय ते कोणाला दिसतंय, असं म्हणाला.

सगळा गाव जमला. पाथरवटानं पोरीसाठी आणलेलं कोकरू पुतण्याच्या हातात दिलं. पुतण्या ऐटीत चढला. अर्ध्यावर पोचला आणि खिंडीतनं वारं सुटलं. हात गुंतलेले. झगा गेला डोक्यावर, आणि गावानं बघू नये ते बघितलं.

एका म्हातारीनं डोळे झाकले. बाकी सगळा डोंगर हसला. पाथरवट तर पोट धरधरून हसला. कोकरू हातातनं निसटलं आणि पळालं खाली.

पाथरवट घरी आला तर पोरीनं विचारलं, "आबा, देवाला माझं सांगितलंस?"

सांगायचं राहूनच गेलं होतं. हसण्याच्या नादात पोटची पोर इसरला होता.

तसाच घण उचलून तो डोंगर चढला. आपल्याच हातानं कोरलेल्या पायऱ्या आपल्याच हातानं फोडल्या. तेच दगड भरले, वर माती टाकली, चोपून चोपून उतार केला. मग म्हाताऱ्याच्या दारात जाऊन खाली मान घालून उभा राहिला.

"चला, बाबा," एवढंच म्हणाला.

म्हातारा ते पळालेलं, परत धरून आणलेलं कोकरू घेऊन उतारावरनं संथ चढला. पाऊल उचललेलं दिसेना, झगा हलेना. थोड्या वेळानं धूर निघाला, तसा सगळा गाव मान वर करून उभा राहिला. कोणी खोकलंसुद्धा नाही. पाथरवटानं देवाला सगळं सांगितलं. पोरीचं नाव सांगितलं, ताप सांगितला, तिला भाकरी गिळवत नाही तेसुद्धा सांगितलं.

घरी आल्यावर पोरीनं परत विचारलं. त्यानं बोललेलं सगळं तिला बोलून दाखवलं. पोर हसली.

"आणि म्हातारबाबांनी काय घातलं होतं?"

पाथरवटानं डोकं खाजवलं. लई आठवून बघितलं.

"काय की गं. माझं ध्यानच नव्हतं."

पोर हळूहळू बरी झाली, पुढं तोच उतार चढून आपलं अर्पण आपण घेऊन गेली. त्या वेदीला परत कोणी पायऱ्या केल्या नाहीत.

देवापुढं उभं राहणाऱ्यानं असं ल्यावं, की बघणाऱ्याची नजर त्याच्यावर अडकू नये, देवापर्यंत पोचावी.