सुतक नसलेल्या घरचे जेवण

पूर्वी शालवती नगरात अजितंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी जन्मला आणि मोठा होऊन वडिलांचा घाणा चालवू लागला.

त्या नगरात एक रीत होती. ज्या घरी माणूस गेले, तिथे दहा दिवस चूल पेटत नसे. शेजाऱ्यांनी वरणभात नेऊन द्यायचा. लोक ही रीत मन लावून पाळत, आणि कोणाच्या वरणात मीठ कमी पडले याची चर्चाही मन लावूनच करीत. मात्र सुतक नसलेल्या घरी असे जेवण न्यायचे नाही, मरणाचे नावही काढायचे नाही. त्याने मरण घरात शिरते, असे सगळे मानत.

बोधिसत्त्वाच्या शेजारी धम्मिल नावाचा विणकर राहत होता. त्याच्या कापडाला राजवाड्यातून मागणी येई. एका वर्षी त्याने मागावर बसणे सोडले. दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवण नको, बोलणे नको, झोपही नाही. कोणी त्याला आळशी म्हटले. कोणी हसवायला म्हणून ओढत लग्नाला नेले. त्याचा मामा म्हणाला, "तुला कमी काय आहे? गुणी बायको आहे, राजवाड्याचं काम आहे. जरा मनावर घे की!" आपल्याला काही कमी नाही, हे धम्मिललाही दिसत होते. त्यामुळे त्याला स्वतःची जास्तच लाज वाटे.

एके दिवशी त्याची बायको सोमा तेल न्यायला आली. भांडे भरून तेल पायावर ओघळले तरी तिच्या लक्षात आले नाही.

"वहिनी, तुम्ही जेवलात कधी?" बोधिसत्त्वाने विचारले.

सोमा रडू लागली. "दादा, ताप असता तर कपाळावर पट्ट्या ठेवल्या असत्या. याला काय करू? काल मला म्हणाले, मी नसलो की तुझं बरं होईल."

हे ऐकून बोधिसत्त्व घाबरला. त्याच दुपारी तो वरणभात घेऊन धम्मिलच्या दारात गेला. सगळी आळी बाहेर आली.

"अरे, त्यांच्याकडे कोण मेलंय?" एक म्हातारी ओरडली.

"अजून कोणी नाही, आजी. म्हणूनच नेतोय."

आत जाऊन तो धम्मिलजवळ बसला आणि त्याने सरळ विचारले, "धम्मिल, मरून जावंसं वाटतं का तुला?"

सोमाने तोंडाला पदर लावला. मग धम्मिल भिंतीकडे पाहतच म्हणाला, "रोज वाटतं. कोणी विचारलंच नाही."

"हा आजार आहे. तुझा दोष नाही यात. उद्या आपण वैद्याकडे जाऊ, तोवर मी इथंच बसतो."

वैद्याने औषध सुरू केले. गुण यायला महिने लागतील, मधेच बरे वाटले तरी औषध सोडायचे नाही, आणि सध्या याला एकटे ठेवायचे नाही, असे त्याने बजावले. बोधिसत्त्व रोज जेवण नेई. कधी दोघे बोलत, कधी नुसते सुताचा गुंता सोडवत बसत. सोमाला त्याने चार दिवस माहेरी पाठवले, तिथे ती पोटभर झोपली. काही दिवस बरे जात, मग धम्मिल पुन्हा भिंतीकडे वळे. इकडे लोकांना तेल्याचे तेल अशुभ वाटू लागले. गिऱ्हाईक तुटले, घाणा अर्धा वेळ बंद राहू लागला. बोधिसत्त्वाला याचे फार वाईट वाटले, पण जेवण न्यायचे त्याने थांबवले नाही.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी धम्मिल मागावर बसला. चार बोटे कापड विणून तो म्हणाला, "आज एवढंच झालं."

"पुष्कळ झालं," बोधिसत्त्व म्हणाला.

पुढच्या एका जन्मात बोधिसत्त्व बुद्ध, म्हणजे शास्ता, झाला. त्याच्या विहारातला एक भिक्षू अंथरुणातून उठेनासा झाला आणि बाकीचे त्याला कामचुकार म्हणू लागले, तेव्हा शास्त्याने ही कथा सांगितली. शेवटी तो म्हणाला, "तेव्हाचा धम्मिल म्हणजे हाच भिक्षू. सोमा म्हणजे त्याच्यासाठी रोज पाणी आणणारी उपासिका. तेली मी होतो."

"आणि ती आळी, भन्ते?" एकाने विचारले.

"ती तुम्ही होतात," शास्ता म्हणाला. "तेल्याने जे केले त्याला मैत्री म्हणतात. ती कोणाच्या दुःखाला कारण मागत नाही."