तळ्यातला खड्डा

पूर्वी केतकपुरात राजा अरिंदमाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका गवंड्याच्या घरी जन्मला. त्याचं नाव उत्तिय. काही वर्षं त्याने गुरुकुलात काढली. पण प्रश्न विचारला की तिथले म्हातारे डोळे मिटून घेत. शेवटी त्याने पोथी बांधून ठेवली आणि बापाची थापी हाती घेतली.

नगरात माणसं वाढत होती. विणकरांची, कुंभारांची शेकडो कुटुंबं वेशीबाहेर गाड्यांखाली राहत. राजाने ज्येष्ठांना विचारलं, "यांना घरं कुठे बांधायची?"

"कोरड्या तळ्यात, महाराज," ज्येष्ठांचा प्रमुख पूर्णक म्हणाला. "तीन वर्षं थेंब नाही तिथे." टेकाडावरची चांगली जमीन त्याच्याच आमराईने अडवली होती. ते तो बोलला नाही.

केतकपुरात रीत होती. नव्या जागेत गुडघाभर खड्डा खणून संध्याकाळी पाण्याने भरायचा. सकाळपर्यंत पाणी जिरलं तर जागा घराची, नाहीतर नाही. मग गवंड्याने पहिल्या विटेवर चुन्याचा पंजा उमटवायचा. त्याशिवाय पाया घालायचा नाही.

ज्येष्ठांनी खड्डा खणवला तो तळ्याच्या बांधावर. खाली वाळून कडक झालेल्या चिकणमातीत कुदळ कोण मारणार? पाणी अर्थातच जिरलं.

"लाव पंजा," पूर्णक म्हणाला. "राजाचा मुख्य गवंडी होशील. तुझ्या म्हाताऱ्याला जन्मभर जमलं नाही ते."

उत्तियने बापाकडे पाहिलं. बापाला सगळं कळत होतं, आणि तो जमिनीकडे बघत उभा होता.

संध्याकाळी उत्तिय एकटाच तळ्यात उतरला, खड्डा खणून पाण्याने भरून आला. सकाळी राजासह सगळे जमले. पाणी काठोकाठ तसंच होतं. वर एक बेडूक तरंगत होता.

"अर्ध्यात पोथी टाकून पळालास, आणि आम्हाला शिकवतोस?" पूर्णक कडाडला.

"पोथी अर्धी सोडली, आजोबा. खड्डा पुरा खणला. जागा चांगली म्हणता ना? पावसाळाभर इथे अंथरूण टाका. मग लावतो पंजा."

विणकरणी पदराआड हसल्या. त्यांतली एक मात्र म्हणाली, "तळ्यात नको, कबूल. मग आम्ही गाडीखालीच मरायचं का रे, बाबा?"

उत्तिय घरी गेला आणि स्वतःच्या अंगणाची भिंत पाडू लागला. थोड्या वेळाने बापही पहार घेऊन आला. भिंतीला भिंत लावून, वर माडी चढवून त्यांनी एका अंगणात चार घरं बसवली.

ते पाहून राजा पूर्णकाला म्हणाला, "आमराईचं कुंपण तुम्ही काढता, की मी काढू?"

झाडं राखून मधल्या जागेत घरं उभी राहिली. पुढे तळं भरलं. पूर्णकाच्या घरीही पाणी तिथलंच जाई.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, विहाराच्या ओसरीकडे वळले. तिथे वृद्ध भिक्षू पसरून झोपत आणि नवे आलेले उघड्यावर. "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद. बाप सारिपुत्त. गवंडी मीच होतो. आणि पूर्णक," ते शांतपणे म्हणाले, "या ओसरीवरच आहे."

एका वृद्ध स्थविराने आपली चटई गुंडाळली आणि तो भिंतीला सरकला.

ही सत्यपारमिता, सत्याला धरून राहण्याची पराकाष्ठा.