बाहेरून पाहिलेली रास

धुकं घरात येऊन चुलीशेजारी निजायचं, त्या काळची गोष्ट. तिथंच मनी मांजरीची पिल्लंही निजत. चूल रोज विचारी, "गोवऱ्या थंडीभर पुरतील ना गं?" मनी महाआळशी. खिडकीतूनच अंगणातली, शेणानं लिंपलेली गोवऱ्यांची रास बघून म्हणे, "डोंगराएवढी आहे. पेट खुशाल."

ऐन पौषात ती राशीपाशी गेली. गोवऱ्या काढायच्या भोकातून कोंबडी डोकावली. "ये मावशी. आत ऐसपैस आहे, माझी पिल्लं हुंदडतात."

मनीनं आत पाहिलं. आतल्या गोवऱ्या जळून गेल्या होत्या, बाहेरच्या भिंतीचा एक थर तेवढा उरला होता.

ती परतून चुलीला म्हणाली, "आता राखेखाली निखारा जपून राहा."

"आणि तुझी पिल्लं?"

"कोंबडी पंखाखाली घेणार आहे. मी मात्र तिच्या पिल्लांकडे पाठ करून निजायचं, म्हणाली."